चाकांवरची चूल

प्रवासास निघतांना मनुष्य घरांतून काय काय बरोबर घेतो, यावरून त्याच्या स्वभावाची बरीच परीक्षा होते. अंथरूण-पांघरूण, पाण्याचा तांब्या, चार कपडे, दोन दिवसांची शिदोरी, एवढें कोणीहि नेतो. परंतु ज्यास प्रवासांतहि आपल्या हातचें ऊन ऊन अन्न हवें असतें, त्यास आणखी एक वस्तु न्यावी लागते, आणि ती कांहीं गांठोड्यांत बांधतां येत नाहीं. ती वस्तु म्हणजे अग्नि.

आमच्या पूर्वजांनीं या अडचणीचा विचार मोठ्या सूक्ष्मपणें केला होता. ज्यानें अग्न्याधान केलें आहे अशा आहिताग्नीस कुटुंबासह गांव सोडून जावयाचें झालें, तर कुंडांतील अग्नि मागें टाकून जाणें त्यास शक्य नव्हतें. त्यासाठीं समारोपण नांवाचा विधि सांगितलेला आहे. अरणि अग्नीवर तापवावयाच्या, अग्नि त्यांत आरूढ झाला असें मानावयाचें, त्या अरणि बरोबर न्यावयाच्या, आणि मुक्काम पडला म्हणजे मंथन करून तोच अग्नि पुनः प्रकट करावयाचा. यांतील धर्माचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडला, तरी त्यांतील व्यवहार आम्हांस नेहमींच मोलाचा वाटत आला आहे. अग्नि न्यावयाचा तो निजलेल्या रूपांत न्यावा. आणि जागा करावयाचा तो ठरलेल्या जागीं, ठरलेल्या रीतीनें, समजून-उमजून करावा. हल्लीं हा निजलेला अग्नि लोखंडी सिलिंडरांत भरून विकत मिळतो. त्यास जागें करण्याची रीति मात्र घरांतील फारच थोड्या माणसांस ठाऊक असते. तिच्याविषयींच आज वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

आरंभींच सांगणें बरें कीं, आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि त्यापुढें जें कांहीं शिकलों तें संस्कृत. भिवंडींतील एका शाळेंत मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत आमचें आयुष्य गेलें. यंत्रशास्त्राशीं आमचा संबंध एवढाच, कीं घराच्या मागील बाजूस अहोरात्र चालणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालों. परंतु व्याकरण शिकलेल्या मनुष्यास एक खोड लागते. कोणताहि शब्द दिसला कीं त्याचा संबंध कोणाशीं आहे, हें विचारल्यावांचून त्यास पुढें जाववत नाहीं. तीच खोड आम्हांस स्वयंपाकघरांत उपयोगी पडली.

आमच्या लहानपणीं वज्रेश्वरीस जावयाचें म्हणजे मोठा सोहळा असे. वसईचा किल्ला १७३९ त सर झाल्यावर चिमाजी अप्पांनीं बांधविलेलें तें देवीचें देऊळ आमच्याच तालुक्यांत आहे, आणि जवळच उन्हाळीं आहेत. तेथें जातांना घरांतील बायकामाणसें पितळी स्टोव्ह, रॉकेलची बाटली आणि स्टोव्हची पिन एवढें न विसरतां घेत. त्या स्टोव्हचा धर्म असा, कीं त्यांत मुळांत दाब नसे. तो मनुष्यास हातानें पंप मारून निर्माण करावा लागे. हात दमला कीं ज्योत दमे. चावी सैल केली कीं सुस्कारा टाकून सारा दाब निघून जाई. एका अर्थीं तो गरीब गाईसारखा होता. मागाल तेवढें, तेंहि आपल्या श्रमानें, देई.

सिलिंडराचा धर्म नेमका याच्या उलट. मुंबईंत १९५५ च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीनें ‘बर्शेन’ या नांवानें हा वायु घरोघर देण्यास आरंभ केला. पुढें १९६५ त इंडियन ऑईलचा ‘इंडेन’ आला. भिवंडीस आमच्या घरीं पहिला सिलिंडर येण्यास त्यानंतरहि पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. तो आला तेव्हां आमच्या आजीनें देवाचा नैवेद्य त्यावर शिजवूं देण्याचें साफ नाकारलें. तिचें म्हणणें असें, “ज्या विस्तवाला फुंकर लागत नाहीं, त्याचा भरंवसा काय?” आम्ही सर्व तेव्हां हंसलों, परंतु त्या प्रश्नांत अर्थ होता. स्टोव्हमध्यें दाब निर्माण करावा लागतो, सिलिंडरांत तो आवरावा लागतो. पहिल्यांत मनुष्य आळसावला तर विस्तव विझतो. दुसऱ्यांत आळसावला तर घर जातें.

हा दाब किती, हें आम्हांस आमच्या शाळेंतील विज्ञानाच्या शिक्षकांनीं एकदां फार सुंदर रीतीनें दाखविलें. त्यांनीं एक पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वांकवून तींत पाणी भरलें, आणि तिचें एक टोंक घरगुती शेगडीच्या नळीस जोडलें. रेग्युलेटर सुरू करतांच एका बाजूचें पाणी खालीं गेलें व दुसऱ्या बाजूचें वर चढलें. दोहोंतील अंतर पट्टीनें मोजलें तें सुमारें ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट, भरलें. आपल्या घरांतील शेगडी एवढ्याच दाबावर चालते. एक फूट पाण्याचा दाब म्हणजे काय तो! लहान मूलहि फुंकरीनें तेवढें पाणी चढवील.

आतां सिलिंडराच्या पोटांत काय असतें तें पाहा. तेथें प्रोपेन व ब्यूटेन हे दोन वायु दाबानें पातळ करून भरलेले असतात. प्रोपेन उणें ४२ अंशांस उकळतो, ब्यूटेन शून्याच्या किंचित् खालीं. म्हणून थंड देशांत निव्वळ प्रोपेनच वापरतात, कारण हिंवाळ्यांत ब्यूटेन सिलिंडरांत पाण्यासारखा निजून राहील. साधारण २१ अंश उष्णतेस बंद सिलिंडरांतील प्रोपेनचा दाब जवळजवळ ७५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पंचवीस मजली इमारतीच्या गच्चीवरील टांकीचें पाणी तळमजल्याच्या नळास जसें येईल, तसा. एकीकडे पंचवीस मजले आणि दुसरीकडे एक फूट. या दोहोंच्या मध्यें हाताच्या तळव्यावर मावेल असें एक लहानसें यंत्र बसलेलें असतें. त्याचेंच नांव रेग्युलेटर. त्याच्या पोटांत एक रबरी पडदा, एक स्प्रिंग आणि सुईच्या टोंकाएवढें एक दार असतें. पलीकडे दाब वाढला कीं पडदा उचलला जातो व दार मिटतें. दाब उतरला कीं पडदा खालीं येतो व दार उघडतें. दिवसभर तो बिचारा असाच श्वास घेत असतो. त्याच्या पाठीवर एक बारीक छिद्र असतें, तें याच श्वासासाठीं. तें पिठानें वा तेलकट मळानें बुजूं देऊं नये.

इतकी प्रस्तावना करण्याचें कारण असें, कीं हीच गोष्ट न उमगल्यामुळें एका परक्या देशांत, ऐन तिन्हीसांजेस, आमच्या डोळ्यांदेखत मोठा अनर्थ व्हावयाचा होता. तो टळला कसा, तें सांगतों.

आमचा पुतण्या अमेरिकेंत मिशिगन राज्यांत नोकरीस आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें आम्हां उभयतांस तिकडे बोलाविलें, आणि सप्टेंबरच्या आरंभीं आपल्या नव्या ट्रेलरांतून ल्युडिंग्टन येथील सरकारी उद्यानांत चार दिवस राहावयास नेलें. हें स्थान फार रमणीय आहे. एका अंगास मिशिगन सरोवर, कीं ज्याचा पैलतीर दिसत नाहीं. दुसऱ्या अंगास हॅम्लिन सरोवर. आणि मध्यें वाळूच्या टेंकड्या व झाडी. ट्रेलर म्हणजे मोटारीमागें ओढावयाचें चाकांवरचें बिऱ्हाड. आंत निजावयास फळ्या, मोरी, लहानसें स्वयंपाकघर, सर्व कांहीं. पुढच्या टोंकास, उघड्या हवेंत, प्रोपेनचे दोन सिलिंडर उभे केलेले होते. त्यांच्या डोक्याशीं एक मोठा रेग्युलेटर. तेथून निघालेली नळी ट्रेलरच्या पोटाखालून जाऊन आंतील शेगडीस, पाणी तापविण्याच्या बंबास व शीतकपाटास वायु पुरवी. बाहेरच्या भिंतीवरहि त्याच नळीचें एक तोंड काढून ठेवलेलें होतें. हेतु असा, कीं ज्यास उघड्यावर स्वयंपाक करावयाचा असेल त्यानें आपली शेगडी तेथें जोडावी.

आमच्या सौ. नीं त्या संध्याकाळीं वांग्याचें भरीत करण्याचें योजिलें होतें. तिकडील वांगीं आकारानें मोठीं, काळींभोर व तजेलदार असतात. बंद ट्रेलरांत वांगीं भाजणें शक्य नव्हतें. म्हणून पुतण्यानें एक लहान जाळीची शेगडी, ज्यास ते लोक ग्रिल म्हणतात, ती बरोबर आणली होती. ती मूळची एक पौंडी लहान सिलिंडरावर चालावयाची. तो लहान सिलिंडर एकदोन वेळच्या स्वयंपाकांतच संपतो, आणि रिकामा झाला कीं टाकून द्यावा लागतो; म्हणून ट्रेलरचाच वायु वापरावा, असा त्याचा हिशेब. एका दुकानदारानें त्यास एक लांब नळी विकली होती व ‘ही दोन्हीकडे बसते’ असें सांगितलें होतें. बसणें आणि जुळणें यांतील भेद दुकानदारानें सांगितला नव्हता.

नळी दोन्हीकडे घट्ट बसली. शेगडी पेटविली. ज्योत मात्र देवघरांतल्या नंदादीपाएवढी! पंधरा मिनिटें झालीं तरी वांग्याच्या सालीवर डाग पडेना. वारा सुटलेला, थंडी वाढत चाललेली, मुलें भुकेनें कुरकुरत होतीं. पुतण्या म्हणाला, “काका, दाबच कमी पडतो आहे. मी असें करतों, हिच्या अंगचा रेग्युलेटर काढून टाकतों आणि नळी सरळ सिलिंडरालाच लावतों. मग बघा कशी पेटते!” आणि तो पाना शोधावयास उठला.

तेव्हां आमची सूनबाई पुढें झाली. ती कांहीं यंत्रशास्त्र शिकलेली नाहीं. एका वाचनालयांत काम करते. तिनें शेगडी उचलून पाहिली, ट्रेलरच्या पुढच्या टोंकाशीं जाऊन पाहिलें, आणि शांतपणें म्हणाली, “थांब जरा. इथें एक रेग्युलेटर आहे आणि तिथेंहि एक आहे. एकाच घोड्याला दोघांनीं लगाम घातला आहे. पण म्हणून तूं दोन्ही काढणार? काका, तुम्हीच सांगा याला.”

आम्हीं तिचेंच म्हणणें उचलून धरलें. वाचकहो, या ठिकाणीं काय घडत होतें तें नीट पाहण्यासारखें आहे. ट्रेलरच्या रेग्युलेटरानें पंचवीस मजल्यांचा दाब उतरवून ११ इंच पाण्याच्या स्तंभावर, म्हणजे सुमारें २८ सेंटिमीटरांवर, आणलेला होता. तिकडील घरगुती उपकरणांचा हाच दाब. आपल्या ३० सेंटिमीटरांच्या अगदीं जवळचा. आतां शेगडीच्या अंगीं दुसरा रेग्युलेटर. तो बनविला होता थेट सिलिंडराच्या प्रचंड दाबापुढें उभें राहण्यासाठीं, म्हणून त्याचें दार सुईच्या टोंकाएवढें बारीक. जेथें मागून पंचवीस मजल्यांचा रेटा असतो, तेथें एवढ्या दारांतूनहि भरपूर वायु येतो. परंतु मागें एक फुटाचाहि रेटा नसेल, तर त्या दारांतून येणार तो किती? दार सताड उघडें, आणि तरी आंत कोणी येत नाहीं, अशी ती अवस्था.

यावर उपाय दोन आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. एक तर शेगडीच्या अंगचा रेग्युलेटर काढावा आणि ती ट्रेलरच्या उतरलेल्या दाबावर चालवावी. नाहीं तर तो रेग्युलेटर तसाच राहूं द्यावा आणि नळी मोठ्या रेग्युलेटरच्या अलीकडून, म्हणजे सिलिंडराच्या पूर्ण दाबाच्या बाजूनें, त्या दाबासाठींच केलेल्या नळीनें घ्यावी. पुतण्या या दोन उपायांची बेरीज करूं पाहत होता! अंगचा रेग्युलेटर काढावयाचा आणि नळी थेट सिलिंडरासहि लावावयाची, म्हणजे मध्यें एकहि लगाम उरत नाहीं. एक फुटाच्या दाबासाठीं पाडलेल्या छिद्रांवर पंचवीस मजल्यांचा लोंढा आला असता. ज्वाला माणसाहून उंच उठली असती, आणि शेगडीजवळ आमची दोन नातवंडें वांगीं भाजण्याची मौज पाहत बसलेलीं होतीं. वैद्यशास्त्रांत जशीं कांहीं औषधें एकेकटीं गुणकारी व एकत्र घेतलीं तर विष होतात, तसा हा प्रकार. ज्यास नुसता उपाय ठाऊक आहे पण उपायाचें कारण ठाऊक नाहीं, त्यास असा मोह सहज होतो.

त्या रात्रीं भरीत झालें नाहीं. दहींभात व लोणचें यांवर सर्वांनीं समाधान मानलें. पुतण्या थोडा हिरमुसला. परंतु रात्रीं दिव्यापाशीं बसून नवराबायकोनें शेगडीची पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचून काढली. तींत असें निघालें, कीं शेगडीचा बर्नर स्वतः ११ इंचांच्याच दाबावर चालणारा आहे, आणि ट्रेलरला जोडण्यासाठीं रेग्युलेटरविरहित असा स्वतंत्र जोड कारखानदारच विकतो. मग प्रश्नच मिटला. दुसऱ्या दिवशीं तो जोड गांवांतून आणला. शेगडी ट्रेलरच्या भिंतीपासून व कनातीपासून चांगली दूर, सपाट जागीं मांडली. नळी जोडल्यावर, पेटविण्यापूर्वीं, सूनबाईनें भांडीं घासण्याच्या साबणाचें पाणी प्रत्येक सांध्यावर ओतलें. एके ठिकाणीं फुगे आले. तो सांधा उघडून, पुसून पुनः बसविला, फुगे थांबले. मग ज्योत निळी, सारखी, सांगितल्या बोलाप्रमाणें वागणारी. भरीत उत्तम झालें. शेजारच्या तंबूंतील एका वृद्ध दांपत्यानेंहि तें मागून घेतलें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सर्वच प्रवासी शेगड्या ११ इंचांवर चालत नाहींत. कांहींचा अंगचा रेग्युलेटर त्याहून पुष्कळ अधिक दाब पुढें सोडतो, व त्यांच्या बर्नरचीं छिद्रें त्या मानानें बारीक असतात. अशी शेगडी ट्रेलरच्या बाजूच्या तोंडास कशीहि जोडली तरी मंदच जळणार. तिला तिचा स्वतःचा सिलिंडर व स्वतःचा रेग्युलेटर हाच मार्ग. तेव्हां जोडण्यापूर्वीं पुस्तिकेंत एकच प्रश्न शोधावा: हा बर्नर किती दाब मागतो? आणि नळीच्या दुसऱ्या टोंकाशीं दुसरा: येथें दाब किती आहे? दोहोंचीं उत्तरें जुळलीं तरच हात पुढें करावा. आंटे जुळले म्हणून दाब जुळला, असें समजूं नये. संस्कृतांत विशेषण आणि विशेष्य यांचें लिंग, वचन व विभक्ति जुळावी लागते. नुसता कानाला यमक जुळून भागत नाहीं. तसेंच हें.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, अमेरिकेंतील ट्रेलराशीं आम्हां भिवंडीकरांस काय कर्तव्य?’ कर्तव्य आहे. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हां चाकांवरचीं घरें आपल्याकडेहि येऊं लागलीं आहेत. तीं सोडलीं तरी, दहावीस माणसें मिळून गाडी ठरवून, बरोबर शेगडी व सिलिंडर घेऊन तीर्थयात्रेस जाणारीं कुटुंबें आपल्या प्रत्येक आळींत आहेत. आणि दाबाचा घोटाळा तर घरच्या कार्यांतहि होतो. मुंजीस आचारी येतो, तो आपली मोठी भट्टी व तिचा अधिक दाबाचा, चावी फिरवून कमीजास्त करावयाचा रेग्युलेटर घेऊन येतो. चहाला वेळ होतो म्हणून कोणी उत्साही मुलगा घरची शेगडी त्याच रेग्युलेटरास जोडतो. नळी बसते; आणि आंच अंगावर येते. आमच्या वहिनींनीं असा एक उत्साही मुलगा मनगट धरून थांबविलेला आम्हीं पाहिला आहे. उलट, आचाऱ्याची भट्टी घरच्या रेग्युलेटरावर लावली, तर ल्युडिंग्टनची ती मंद ज्योत येथेंहि दिसेल. नळानें येणाऱ्या वायूचीहि हीच कथा. तो वायु निराळा व त्याचा दाबहि निराळा. म्हणून तो घरांत आला कीं शेगडीचीं जेट बदलून घ्यावीं लागतात. जुन्या जेटवर तो चालविण्याचा हट्ट धरूं नये.

आगगाडींत तर सिलिंडर मुळींच नेऊं नये. तसें नेणें रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यानें गुन्हा आहे. हा नियम कोणास जाचक वाटत असेल, तर त्यानें २६ ऑगस्ट १९२३ नव्हे, अगदीं परवांची, २६ ऑगस्ट २०२३ ची मदुराई आठवावी. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा खास डबा तेथें स्थानकाजवळ उभा होता. पहाटे आंत चोरून आणलेल्या सिलिंडरावर चहा करावयास घेतला, आग लागली, आणि नऊ माणसें देवदर्शनाच्या वाटेवरच गेलीं. एका कपभर चहाची ही किंमत.

आपल्या गाडींतून जाणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. सिलिंडर नेहमीं उभा ठेवावा. आडवा पडला तर वायूऐवजीं पातळ द्रवच बाहेर येतो, आणि तो पसरून सुमारें अडीचशें पट वायु होतो. गाडी चालत असतांना रेग्युलेटर काढून, सिलिंडरास दोरीनें बांधलेली टोपी तोंडावर घट्ट बसवावी; ती टोपी शोभेची नव्हे. हा वायु हवेपेक्षां दीडदोन पट जड. तो वर न जातां जमिनीलगत पसरतो व सखल जागीं सांचतो. म्हणूनच ट्रेलरांत वायूची सूचना देणारें यंत्र छतास न लावतां जमिनीजवळ लावतात. शंभर भागांत दोनच भाग मिसळला तरी ठिणगी पुरते. त्यास स्वतःचा वास नसतो. आपणांस येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, पहारेकऱ्याच्या हांकेसारखा. ती हांक ऐकूं आली कीं विजेचें बटण लावूं नये व काढूंहि नये. दारें-खिडक्या उघडाव्या, माणसें बाहेर काढावीं आणि १९०६ या क्रमांकावर कळवावें. बंद गाडींत, थंडी वाजते म्हणून, शेगडी पेटवून निजूं नये. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नाहीं, रंग नाहीं, आणि त्याचा पहारेकरीहि नाहीं.

सिलिंडर घरीं येतो तेव्हां दोन गोष्टी घरच्या बाईनेंच पाहाव्या. आणणाऱ्या माणसास घाई असते. एक म्हणजे तोंडाच्या आंतील काळी रबरी कडी. ती नसली वा चिरलेली असली, तर उत्तम रेग्युलेटरहि गळतो. दुसरी म्हणजे वरच्या कड्याच्या पट्टीवर रंगविलेलें अक्षर व आंकडा. अ, ब, क, ड यांच्या जागीं तेथें इंग्रजी ए, बी, सी, डी असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणें, आणि पुढें सालाचे आंकडे. त्या सिलिंडराची पुढील तपासणी केव्हां व्हावयाची, हें त्यावरून कळतें. मुदत उलटलेली दिसली तर तो परत करावा. नारिंगी रंगाची, आंतून तारेनें मजबूत केलेली नळी पांच वर्षांनीं बदलावी. ती चांगली दिसते, हें ती न बदलण्याचें कारण होत नाहीं.

या सर्वांतून आम्हीं स्वतःसाठीं एक सूत्र बांधलें आहे. उगम आणि ज्योत यांच्या मध्यें लगाम एकच असावा; दोन नसावे, आणि शून्य तर कधींच नसावा. ट्रेलरच्या मोठ्या रेग्युलेटराच्या पोटांत दाब उतरविण्याच्या दोन पायऱ्या असतात हें खरें. परंतु त्या एकमेकींस ओळखून, एकाच कारागिराच्या हातानें, एका पेटींत बसविलेल्या असतात. जे दोन लगाम एकमेकांस ओळखत नाहींत, तेच ज्योत मारतात.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस हें सूत्र शेगडीपुरतेंच आहे असें वाटणार नाहीं. आमच्या घरीं आमचे थोरले बंधु कर्ते. मुलामुलींच्या शिक्षणाचा, नोकरीचा वा प्रवासाचा प्रश्न निघाला, कीं ते पुष्कळ विचार करतात, प्रसंगीं नकारहि देतात. परंतु त्यांनीं एकदां होकार दिला, कीं मग धाकट्या काकानें वा मोठ्या आत्यानें आपापल्या अटी मध्यें घालावयाच्या नाहींत, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. ज्या घरांत ती नाहीं, तेथें मुलीला शिकावयास कोणीच नाहीं म्हणत नाहीं. प्रत्येक जण थोडा थोडा लगाम खेंचतो, आणि दार सताड उघडें असूनहि तिची ज्योत नंदादीपाएवढी राहते. मग घरचे विचारतात, हिच्यांत उमेद कशी ती नाहीं? आणि कोणी तरुण मनुष्य चिडून सगळेच लगाम तोडूं पाहतो, तेव्हां होणारा भडकाहि आपण पाहिलेला असतो. दोन्ही दुःखांचें मूळ एकच. दाब किती व तो आवरतो कोण, हें कोणी विचारलेलें नसतें.

आमच्या वहिनी आतां सत्तरीच्या पुढें आहेत. सिलिंडर आला कीं त्या अजून चष्मा लावून तें अक्षर व आंकडा वाचतात, बोटानें रबरी कडी चांचपतात, आणि साबणाच्या पाण्याची वाटी नव्या सुनेच्या हातीं देतात. सून पहिल्यांदां गोंधळली. वहिनी तिला म्हणाल्या, “अग, ओत. फुगा आला तर वेळेवर कळलें म्हणायचें, आणि नाहीं आला तर निर्धास्तपणें चहा ठेवायचा.”